हौसेला वजावट नाही

मेश्रामबाईंना शिंक येत नसे. ऐकायला ही काही मोठी गोष्ट वाटत नाही, पण त्यांचं ऑफिस मार्केट यार्डात, लाल मिरचीच्या एका गाळ्याच्या बरोबर डोक्यावर होतं. खाली पोती उतरू लागली की जिना चढणारा माणूस पहिल्या पायरीवर ऐटीत असायचा आणि शेवटच्या पायरीवर रडवेला. आयकराच्या कामासाठी आलेल्याला आधीच रडवून ठेवण्याची सोय असलेलं दुसरं ऑफिस पुण्यात नसावं. बाई मात्र आत खुर्चीत शांत. समोरच्याच्या हातात ओला रुमाल द्यायच्या आणि म्हणायच्या, "आधी शिंकून घ्या. कागद नंतर."

करुणा मेश्राम, करसल्लागार. मूळच्या भंडाऱ्याकडच्या. नोकरीच्या निमित्ताने पुण्यात आल्या, नोकरी सोडली, पुणं सोडलं नाही. सुती साडी, पायात पळायचे बूट, गळ्यात एक चष्मा आणि डोक्यावर दुसरा. टेबलावर बुद्धाची वीतभर मूर्ती, आणि तिच्यासमोर रोज एक ताजं फूल. यार्डातले आडते, टेम्पोवाले, हमालांची पतसंस्था, सगळे त्यांच्याकडे यायचे. डिसेंबरात एक दिवस ऑफिस बंद ठेवून त्या मुंबईला जात, एरवी रविवारीसुद्धा सापडत.

मी त्यांच्याकडे कशी गेले हे सांगायचं तर आधी त्या वेळच्या माझ्याबद्दल सांगावं लागेल, आणि ते जरा लाजिरवाणं आहे. मी तेव्हा तरुण होते. सहासष्टावं चालू होतं. हल्ली ती कुमुद मला कुठे भेटली, तर मी तिला ओळखच दाखवणार नाही.

त्या कुमुदचं असं झालं होतं की ती वर्षानुवर्षं घरी मेतकूट आणि भाजणी करून ओळखीपाळखीत विकत होती आणि सुखात होती. मग एका प्रदर्शनात बाणेरच्या काचेच्या ऑफिसातली एक मुलगी तिच्या टेबलापाशी थांबली. जिभेच्या टोकाने मेतकूट चाखलं आणि म्हणाली, "आजी, यू आर द ब्रँड!" मला त्या वाक्याचा अर्थ कळला नाही, पण सूर कळला. त्या सुरात माझ्याशी शेवटचं बोलला होता तो माझं लग्न जमवणारा मध्यस्थ, आणि तेव्हाही मी अशीच फसले होते. महिन्याभरात 'कुमुदचं' या नावाचं बोधचिन्ह झालं, डबे झाले, त्यावर माझा हसरा फोटो झाला, आणि मेतकुटाला स्वतःचं संकेतस्थळ मिळालं. मला अजून स्वतःची खोली मिळालेली नव्हती.

यार्डात मी धणे आणि हरभऱ्याची डाळ घ्यायला जायची. तिथल्या व्यापाऱ्याने विचारलं, "काकू, एवढा खर्च केलाय तर तो करातून वजा घेताय ना? वर मेश्राम मॅडमना भेटा." वजा होतं म्हटल्यावर मी घरातली सापडतील ती सगळी बिलं पिशवीत कोंबली आणि शिंकत शिंकत वर गेले. पिशवी टेबलावर उपडी केली.

"हे सगळं ब्रँडिंग," मी रुबाबात म्हणाले.

बाईंनी एकेक बिल उचललं. त्यांची एक पद्धत होती. बिल टेबलावर ठेवून त्या कधी वाचत नसत. उठून खिडकीशी जात, उजेडात धरत, आणि विचारत, "काहून?" भंडाऱ्याकडे 'का' म्हणायचं असलं की काहून म्हणतात. एरवी त्यांचं बोलणं आमच्या पेठांतल्यांना लाजवील इतकं शुद्ध, पण बिल हातात आलं की त्यांना आपलं गावच आठवायचं.

"हा फोटोग्राफर. काहून?"

"डब्यावर माझा फोटो आहे ना!"

"चालेल. ही पैठणी. काहून?"

"अहो, फोटोत नेसलेय ती."

"फोटो झाल्यावर कुठे आहे?"

"कपाटात."

"मध्ये कुठे गेली होती?"

"भाचीच्या लग्नाला," मी म्हणाले. खोटं बोलायला मी तयार होते, पण त्यांनी विचारलं इतक्या पटकन की खरंच बाहेर पडलं.

"मग ती लग्नाची झाली. हौसेला वजावट नाही, काकू."

"म्हणजे काय, धंद्याची ठरावी म्हणून मी पैठणी नेसून डाळ भाजत बसू?"

"बसा. मी बघायला येईन," बाई म्हणाल्या आणि पैठणीचं बिल घडी घालून माझ्या पिशवीत परत टाकलं. बाकावर दोन आडते आपली पाळी यायची वाट बघत बसले होते. त्यांना इतका आनंद झाला की शिंकायचंसुद्धा विसरले.

नाव नोंदवण्याच्या खर्चावर मात्र आमची जुंपली. मला वाटलं होतं तो त्याच वर्षी सगळाच्या सगळा वजा होईल. बाई म्हणाल्या, "नाव ही मालमत्ता आहे. गिरणीच्या यंत्रासारखी. एकदम वजा होत नाही. दरवर्षी थोडा थोडा घसारा."

"म्हणजे सरकारच्या मते माझं नाव दरवर्षी झिजणार?"

"कागदावर झिजणार. बाहेर झिजू न देणं तुमच्याकडे."

मग संकेतस्थळाची पाळी आली. बाई म्हणाल्या, "जागेचं आणि पत्त्याचं दरवर्षी भरता ते भाड्यासारखं. त्या त्या वर्षी वजा. उभारणीचं आधी बघते काय उभारलंय ते." न बघता त्या काही मान्यच करत नसत. कोणी दुकानाचा फलक केला म्हणाला तर घरी जाताना वाट वाकडी करून फलक पाहून यायच्या. कोणी नवी कार्डं छापली तर त्यावरच्या नंबरला स्वतः फोन लावायच्या, आणि उचलला नाही तर म्हणायच्या, "गिऱ्हाइकाला मिळत नाही ते कार्ड धंद्याचं कसं?"

आता त्या संकेतस्थळाचं एक सांगायला हवं. काचेतल्या मुलीने त्यासाठी इंग्रजीत गोड गोड मजकूर लिहून आणला होता. आजीची माया, मातीचा सुगंध वगैरे. आमच्या घरात मातीचा सुगंध आला तर आम्ही फरशी पुसतो. मी तिला सांगितलं, "मजकूर मी लिहिणार." आणि लिहिला. बाईंनी तो त्या बाकावरच्या आडत्यांसमोर मोठ्यांदा वाचायला घेतला.

"आमच्याविषयी. चव घ्या म्हणजे कळेल." बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे वाचलं. "प्रश्न. मेतकूट तिखट आहे का? उत्तर. नाही. तिखट हवे असल्यास तिखट घ्यावे. प्रश्न. घरपोच मिळेल का? उत्तर. घरी कोणी असेल तर. प्रश्न. सवलत आहे का? उत्तर. का?"

"थोडक्यात आहे," मी म्हणाले.

"संपर्क," बाईंनी वाचलं. "कारण असल्यास."

एक आडत्या बाकावरून उठून बाहेर गेला. त्याचा हसण्याचा आवाज जिन्यातून येत राहिला. बाईंचा चेहरा मात्र हलला नाही. त्यांनी अर्धा किलो मेतकूट मागवायचं बटण दाबलं. इथे माझी खरी कमाल होती. मागणी नोंदवण्याआधी एक प्रश्न येत असे: 'मेतकूट कशाशी खातात हे आपल्याला ठाऊक आहे का?' खाली दोन चौकटी. हो. नाही.

बाईंनी 'नाही' दाबलं.

पडद्यावर आलं, 'मग आधी कोणाकडे तरी खाऊन पाहावे. धन्यवाद.' आणि व्यवहार संपला. पुढे जायला वाटच नव्हती.

"काकू," बाई चष्मा काढून म्हणाल्या, "कायदा म्हणतो, खर्च पूर्णपणे धंद्यासाठी झालेला पाहिजे. हा पूर्णपणे धंद्याविरुद्ध झालाय."

"पण ज्याला मेतकूट माहीत नाही त्याला मी कशाला विकू? तो दुधात घालून पिईल!"

"ज्याला माहीत आहे तो घरी करतो. मग उरलं कोण?"

यावर मी आवाज वाढवला. बाईंनी ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाल्या की तो प्रश्न काढून टाका. मी हो म्हणाले. घरी जाईपर्यंत ते मला पटलेलंही होतं. घरी गेल्यावर पटेनासं झालं.

पुढच्या रविवारी सकाळी दारात बाई. हातात पिशवी, पायात बूट. मला वाटलं काहीतरी चुकलं.

"मला 'हो' दाबायचंय," त्या म्हणाल्या. "पण न खाता दाबणार नाही."

मी मऊ भात टाकला. वर मेतकूट, तूप, मीठ. बाईंनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, सगळं ताट संपवलं आणि म्हणाल्या, "बरं आहे. आजारी माणसाला चांगलं." माझ्या मेतकुटाची इतकी बदनामी कोणी केली नव्हती. मग त्यांनी तिथेच मोबाइल काढला, 'हो' दाबलं, अर्धा किलो मागवलं, आणि माझ्यासमोर हात पुढे करून म्हणाल्या, "बिल."

"अहो, तुमच्याकडून कसले पैसे घेऊ?"

"मग हे मेतकूट नाही, भेट आहे. मग तुमचा धंदा कुठाय?"

मी बिल लिहिलं. बाईंनी ते खिडकीशी नेऊन पाहिलं. मग जाताना पिशवीतून एक पुडी काढली, आत कसलीशी चपटी, तिरकी डाळ. "ही लाखोळीची डाळ. कशासाठी वापरतात ठाऊक आहे?"

"नाही बाई."

"मग मिळणार नाही," म्हणाल्या आणि पुडी परत पिशवीत टाकून जिना उतरल्या. मी गॅलरीतून हाका मारत राहिले. दोन दिवसांनी यार्डात गेले तेव्हा ती पुडी माझ्यासाठी खालच्या मिरचीवाल्याकडे ठेवलेली होती, वर कागदाचा तुकडा: 'वडे करा. कांदा बारीक.'

अशी आमची मैत्री जमली. म्हणजे मैत्री म्हणायचं माझं. त्या अखेरपर्यंत मला 'काकू' आणि कागदोपत्री 'करदात्या' म्हणत होत्या. त्यांच्या वागण्यात मला एकच खोड वाटायची. मी 'माझं छोटंसं काम' म्हटलं की त्या मला मध्येच तोडत. "धंदा म्हणा." मी 'उद्योग' म्हणून पाहिलं, 'वेळ जातो' म्हणून पाहिलं. "धंदा म्हणा, काकू. वेळ सगळ्यांचाच जातो."

हे मला तेव्हा विनोदी वाटे. मग नोटीस आली.

त्या वर्षी धंद्यात तोटा झाला होता, आणि तो तोटा मी सिंहगड रस्त्यावरच्या फ्लॅटच्या भाड्याच्या उत्पन्नातून वजा घेतला होता. आयकर खात्याला ते खटकलं. नोटीस मोबाइलवरच आली, इंग्रजीत. तिचा अर्थ असा की विक्रीच्या मानाने नाव, डबे आणि संकेतस्थळ यांच्यावरचा खर्च फार दिसतो. हा व्यवसाय आहे की छंद, ते दाखवा. आणि खाली चक्क माझ्या संकेतस्थळाचं चित्र जोडलेलं. 'मग आधी कोणाकडे तरी खाऊन पाहावे.' त्याखाली सरकारने विचारलं होतं की ग्राहकाला परत पाठवण्यासाठी केलेला खर्च व्यवसायाचा कसा.

माझा मुलगा नितीन आयटीत आहे. त्याने नोटीस वाचली आणि फार मायेने म्हणाला, "आई, लिहून टाक ना हॉबी होती. जो काय टॅक्स होईल तो भरू. ह्या वयात कशाला टेन्शन? तशी हौसच आहे ना तुझी."

तो वाईट हेतूने म्हणाला नव्हता. तेच तर लागलं. खाली गॅरेजात शोभा आणि मंगल, माझ्याकडे कामाला येणाऱ्या दोघी, डाळी भाजत होत्या आणि वास वरपर्यंत येत होता. मी काहीतरी शहाणपणाचं बोलायला हवं होतं. त्याऐवजी ती सहासष्टीची टोणगी ताडकन म्हणाली, "सरकारने हौस ठरवली, तर दुसऱ्या दिवशी गॅरेज रिकामं करून देते. लाव तिथे गाडी!"

नितीन म्हणाला, "अगं, मी कुठे म्हटलं..." पण मी ऐकते कशाला. शब्द तोंडातून गेला, तो जिन्यावरून खाली गेला, आणि शोभा-मंगलच्या कानावर पडला. संध्याकाळी जाताना मंगलने विचारलं, "काकू, उद्या यायचं ना?" असं तिने आधी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी यार्डात. जिना चढताना डोळ्यांतून पाणी आलं त्यात मिरचीचा वाटा किती होता हे मी सांगणार नाही. "बाई, तो प्रश्न काढून टाकते आत्ताच्या आत्ता."

"आता नाही," बाई म्हणाल्या. "मी सांगितलं तेव्हा काढला नाहीत. आता काढलात तर लपवल्यासारखं होईल. आता तो तसाच राहील, आणि आपण त्याच्यासकट उत्तर देऊ."

मग त्यांनी मला समोर बसवून विचारायला सुरुवात केली. माल कुठून आणता. कोण भाजतं. कोण दळतं. मागण्या कशा येतात. मी सांगत गेले, आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की तो प्रश्न टाकल्यापासून मागण्या वाढत होत्या. कोणीतरी त्या 'धन्यवाद'चं चित्र काढून मोबाइलवर पसरवलं होतं. लोक मुद्दाम 'नाही' दाबून अपमान करून घ्यायचे, मित्रांना दाखवायचे, आणि मग 'हो' दाबून मेतकूट मागवायचे. काही जण भांडायला प्रत्यक्ष घरी आले होते. पर्वतीजवळचे एक गृहस्थ केवळ हे ऐकवायला चालत आले की ते मेतकूट दह्यात कालवून खातात आणि मऊ भाताचा हट्ट हा निव्वळ अडाणीपणा आहे. भांडण संपल्यावर त्यांनी एक किलो नेलं, आणि आजही दर महिन्याला भांडून नेतात.

बाईंनी लिहिणं थांबवलं. "हे असं व्हावं म्हणून तुम्ही ठरवून केलं होतं?"

मोह झाला. 'विपणनाची अभिनव पद्धत' असे शब्द माझ्या जिभेवर आलेसुद्धा. "हो म्हणू?"

"खरं काय आहे?"

"खवचटपणा."

"मग तेच लिहू," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ते अशा भाषेत लिहिलं की मी ते वाक्य पाठ करून ठेवलंय. मूळ इंग्रजीत होतं, मराठीत साधारण असं: 'सदर करदात्या पुणे शहराच्या रहिवासी असून ग्राहकाशी अशा प्रकारे बोलणे ही येथील व्यापारातील प्रचलित रीत आहे. तीमुळे ग्राहक दुरावत नाही, असा स्थानिक अनुभव आहे.' पुढे मागण्यांचा पुरावा जोडला, डाळीची, डब्यांची बिलं जोडली, शोभा आणि मंगलला बँकेतून दिलेला पगार जोडला. भंडाऱ्याच्या बाईने पुण्याची सरकारदरबारी केलेली ही वकिली पाहून आमच्या सात पिढ्या उद्धरल्या असतील.

त्या दिवशी काम संपल्यावर चहा आला. बाई बिनसाखरेचा घेत. मी विचारलं, "तुम्ही एवढं का मनावर घेता हो? मी काही तुमची मोठी गिऱ्हाईक नाही."

बाईंनी बशीत चहा ओतला. "माझी आई बिड्या वळायची. अंगणात बसून, सूप मांडीवर. आमची शाळा, आमची पुस्तकं, सगळं त्या बिड्यांवर. एकदा सरकारी माणूस आला, घरोघरी विचारत होता, कोण काय काम करतं. आईला विचारलं. तिचे हात चाललेलेच. वर न बघता म्हणाली, 'मी कुठं काय करून राहिली जी? घरीच तर असते.' त्याने तसंच लिहून घेतलं. मी बाजूला उभी होते." चहा निववून त्यांनी पिऊन टाकला. "त्याची काही चूक नव्हती. तिनेच सांगितलं होतं तसं."

मग त्यांनी बशी सरकवली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

सुनावणी व्हिडिओवर झाली, बाईंच्याच ऑफिसातून. हल्ली अधिकारी कुठल्या गावी बसलेला असतो ते आपल्याला कळत नाही. पडद्यावर आम्हा दोघींचेच चेहरे, आणि साहेबांचा नुसता आवाज, हिंदीतला. देवाची पण अशीच व्यवस्था असते, पण तो निदान प्रश्न विचारत नाही. बाईंनी मला बजावून ठेवलं होतं: विचारतील तेवढंच बोला. आणि खबरदारी म्हणून टेबलाखाली त्यांचा बूट माझ्या चपलेवर ठेवलेला होता.

बाई शांतपणे मुद्दे मांडत गेल्या. मध्येच आवाजाने विचारलं, "ये मेतकूट क्या चीज़ है?"

माझ्या तोंडून "मालूम नहीं? तो पहले..." एवढं बाहेर पडलं आणि बूट असा काही दाबला गेला की पुढचं वाक्य 'आई गं' असं संपलं. बाईंनी मेतकूट समजावून सांगितलं. आजारी माणसाला चांगलं असतं हेही सांगितलं.

मग आवाज म्हणाला, "माताजी से एक सवाल. आप ये शौक़ से करती हैं?"

खाली पोतं आपटल्याचा आवाज आला. मी बाईंकडे पाहिलं. मला वाटलं त्या सांगतील काय बोलायचं ते. त्यांनी बूट उचलला.

मी तयार करून ठेवलेलं सगळं विसरले. माझं हिंदी आधीच असं की भाजीवाला दया येऊन कोथिंबीर जास्त घालतो. मी म्हणाले, "साहेब, शौक होता तो मेरे अकेली का होता. मेरे पास दो औरतें काम को आती हैं. सुबह नौ बजे. उनको पूछो, वो शौक से आती क्या?"

पलीकडून टंकलेखनाचा आवाज आला आणि साहेब म्हणाले, "ठीक है." इतकंच. यावरून माणसाने काय समजायचं? निकाल येईपर्यंतचे दिवस मी गॅरेजात काढले. गरज नसताना भाजणी दोनदा चाळत होते. शोभा म्हणाली, "काकू, आता चाळणीला भोक पडेल." "असतातच चाळणीला," मी म्हणाले, पण हसू कोणालाच आलं नाही.

निकालाच्या दिवशी बाईंचा फोन आला: "या." चांगलं की वाईट ते सांगितलं नाही. मी रिक्षाने गेले. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"वाचा."

मी मनात वाचलं. संकेतस्थळाचा खर्च मान्य, डब्यांचा मान्य, नावावरचा घसारा मान्य. "झालं की हो!"

"मोठ्यांदा वाचा. ही ओळ."

ओळीत लिहिलं होतं की करदात्याचा व्यवसाय खरा आणि चालू आहे. मी ती इंग्रजीत अडखळत वाचली. बाई म्हणाल्या, "आता मराठीत." मी मराठीत वाचली. बाकावरचे लोक बघत होते. बाईंनी मान हलवली, चष्मा काढून पुसला, परत घातला.

एकच खर्च नामंजूर झाला होता. प्रदर्शनात मी मैत्रिणींना खिलवलेली मिसळ. ती बाईंच्या नजरेतून सुटलीच कशी याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की बाकीच्या विजयाचा आनंद त्यांनी करूच दिला नाही. पुढे कित्येक दिवस मी फोन केला की आधी म्हणायच्या, "मिसळ सुटली हो माझ्याकडून."

मी घरी आले ती थेट गॅरेजात गेले. मंगलने चेहऱ्याकडे बघितलं आणि गॅस पेटवला. नितीनची गाडी अजून रस्त्यावरच उभी असते. रविवारी तो स्वतः डब्यांवर लेबलं चिकटवतो. वाकडी चिकटवतो, पण कामाचे पैसे घेत नाही म्हणून मी बोलत नाही.

मेश्रामबाई आता नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ऑफिस पुतणीच्या हवाली केलं आणि भंडाऱ्याला गेल्या. आजार होता, त्याबद्दल कोणाला बोलू दिलं नाही. गेल्या थंडीत पुतणीचा फोन आला. ती पोरगीही बिल खिडकीशी नेऊन बघते, पण तिला शिंका येतात.

बाई भंडाऱ्याला जाण्याच्या काही आठवडे आधीची एक दुपार आहे, ती माझ्याजवळ राहिली. मी रिक्षात बसून स्वारगेटच्या सिग्नलला अडकले होते. पदपथावर एक बाई उकडलेल्या शेंगा विकत होती. मागे नवाकोरा फ्लेक्स, त्यावर तिचा फोटो, लाल-पिवळ्या अक्षरांत तिचं नाव. आणि तिच्यासमोर मेश्रामबाई, बूट, दोन चष्मे, खांद्याला पिशवी. त्या फ्लेक्सकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होत्या. शेंगावाली लाजून हसत होती, पदराने तोंड झाकत होती, हाताने 'छे छे' करत होती. मेश्रामबाई हलल्या नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं.

मी हाक मारली. पण त्या गोंगाटात बसवाल्यांनाच बसवाल्यांचं ऐकू येत नाही, माझं कुठून जाणार.

शेंगावालीने पदर खाली घेतला. वळून स्वतःच्या नावाकडे बघितलं. मग बसायचा डबा आपल्याखालून काढून तिने मेश्रामबाईंपुढे ठेवला, फडक्याने पुसून. बाई त्यावर बसल्या, पिशवीतून पेन काढलं, आणि शेंगावाली त्यांच्या कानाशी वाकून, एका हाताने गिऱ्हाइकाला थांबायची खूण करत, काहीतरी सविस्तर सांगू लागली.

सिग्नल सुटला आणि मध्ये बस आली.